तुळशीपाशी एक, केळीपाशी एक

कळंबात चिंतामणीच्या देवळापासून जवळच एका जुन्या घरात विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक राहत. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत, घरात आबाजी. माजघरातल्या लाकडी टेबलावर त्यांचा रेकॉर्ड प्लेअर असे, पलीकडे ॲम्प्लिफायर, आणि दोघांच्या मधे ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचा एक डबा. डब्यावर काचेचे दोन व्हॉल्व्ह. बटण दाबलं की थोड्या वेळानं व्हॉल्व्हच्या आतली तार नारिंगी व्हायची, आणि मग गुरुजी तबकडीवर सुई ठेवायचे.

हा डबा त्यांनी स्वतः बांधलेला होता. नोकरी नवी होती, पगार तुटपुंजा होता. पत्रा यवतमाळात कापून घेतला, ट्रान्सफॉर्मर नागपूरला सीताबर्डीवर करून घेतला, भोकं घरीच हातड्रिलनं पाडली. व्हॉल्व्ह भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. या सरकारी कंपनीनं बंगळूरला १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, तेव्हापासून असा छंद असलेल्या माणसाला बाहेरदेशच्या मालाची वाट पाहावी लागली नाही. गुरुजींना त्याचा अभिमान होता. शाळेतल्या मुलांना ते घरी बोलावून डबा उघडून दाखवायचे.

हा डबा म्हणजे प्रीॲम्प. त्याचं काम नाजूक. तबकडीच्या खाचेतून सुई फिरते तेव्हा तिच्यातून निघणारी वीज एका व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्यात मोजायची असते. साधारण पाच हिस्से मिळाले तरी पुष्कळ. ती आधी मोठी करायची, मगच ॲम्प्लिफायर तिला स्पीकरपर्यंत नेऊ शकतो. शिवाय तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम लहान केलेले असतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. आणि तार सूर मुद्दाम मोठे केलेले असतात, म्हणजे तबकडीची खरखर त्यांच्याखाली दबते. किती लहान आणि किती मोठे, याचं एकच माप १९५४ पासून जगभरच्या कंपन्यांनी हळूहळू धरलं. घरच्या प्रीॲम्पनं हे सगळं नेमकं उलट करून मूळ गाणं परत मिळवायचं असतं. गुरुजींच्या डब्यात हे काम दोन व्हॉल्व्ह, थोडे रेझिस्टर आणि मूठभर कंडेन्सर करत होते, आणि वर्षानुवर्षं चोख करत होते.

पुढं कधीतरी त्यात घुंघुं शिरली. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी, पण दर वर्षी थोडी वाढलेलीच. किशोरी आमोणकरांचा भूप लावला की सुरुवातीच्या तानपुऱ्याच्या षड्जाखाली दुसराच एक न जुळणारा सूर सतत चालू असे. गुरुजींनी मनाशी ठरवलं की डबा म्हातारा झाला, आपणही झालो. हळूहळू तबकड्या लावणं थांबलं. ज्या घरात रोज संध्याकाळी गाणं असे तिथं टेबलावर कापड पडलं.

हे नातवाच्या मनाला लागलं. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मे महिन्यात बायको आणि तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आला तो एक जड खोकं घेऊनच. त्यात स्लोव्हाकियात बनलेले नवे व्हॉल्व्ह होते, कारण आता हे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन इथंच बनतात. चांगल्या प्रतीचे नवे कंडेन्सर होते, नवे सॉकेट होते, सोल्डरिंग आयर्न होतं. आजोबांचा डबा नव्यासारखा करायचा, या एका इच्छेनं त्यानं रात्री जागून सगळं शिकून घेतलं होतं. अशी इच्छा असणारी नातवंडं भाग्यानं मिळतात, हे मी मनापासून म्हणतो.

काम त्यानं नीट केलं, हेही सांगितलं पाहिजे. व्हॉल्व्हच्या यंत्रात अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहतात. गुरुजी शेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी पहिलाच धडा दिला, "आधी कंडेन्सर रिकामा कर. आणि एक हात पाठीमागं ठेव, म्हणजे करंट छातीतून जाणार नाही." नातवानं तसंच केलं. मग त्यानं एकेक कंडेन्सर मोजला. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात सूर नेणारा जुना कागदी कंडेन्सर गळत होता. जिथं मीटरचा काटा शून्यावर हवा तिथं दोन व्होल्ट दाखवत होता. वीजपुरवठ्याचे मोठे कंडेन्सर आतून सुकले होते. हे बदलणं योग्यच होतं. व्हॉल्व्ह मात्र त्यानं न मोजताच बदलले. नवे आणले होते, म्हणून.

संध्याकाळी तबकडी लावली. गाणं उजळलं होतं. शब्दांचे काठ स्पष्ट झाले, तबल्याचा बायाँ भरीव झाला. आणि घुंघुं तशीच होती. उलट बाकीचं स्वच्छ झाल्यामुळं ती अधिकच कानात शिरत होती.

नातू हिरमुसला नाही. त्यानं सिग्नलच्या तारा बदलल्या, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांना पीळ दिला, ट्रान्सफॉर्मर दूर सरकवला. फरक नाही. आपल्याकडच्या विजेचा सूर सेकंदाला ५० कंपनांचा आहे, आणि हजार कंपनांच्या सुराच्या मानानं त्या ५० च्या सुराला प्रीॲम्प सातपट मोठा करतो, कारण तबकडीवरचा दबलेला खर्ज त्याला वर उचलायचा असतो. म्हणून घरच्या विजेत कुठं बारीकसा दोष असला तरी तो आधी इथं ऐकू येतो. पंख्याला, दिव्याला, टीव्हीला त्याचा पत्ताही लागत नाही. नातवाला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टीचा अर्थ त्यानं एवढाच घेतला की डब्याला ही घुंघुं ऐकू देता कामा नये.

शेवटी त्याला एक युक्ती आठवली. जगभरच्या हौशी लोकांना ती माहीत आहे. ॲम्प्लिफायरचा तीन पिनांचा प्लग काढायचा आणि दोन पिनांचा लावायचा. अर्थची पिन गेली की घुंघुं जाते. त्यानं लावला. गेली. तानपुरा एकटा उरला.

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तबकड्या ऐकल्या. सुधीर फडक्यांच्या आवाजातलं गीतरामायण झालं, हिराबाई झाल्या. प्लगचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नातवाला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी गुरुजींनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला ऐकायला बोलावलं. हा मिस्त्री एकेकाळी गावातले व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ गेले तसा तो पंपांच्या मोटारी बांधू लागला; आता त्याचं वायंडिंगचं दुकान आहे. तो आला, मांडी घालून बसला, डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली. मग म्हणाला, "गुरुजी, लय गोड. पण ते घुंघुं कुठं गेलं?"

"नातवानं कंडेन्सर नवे टाकले."

"कंडेन्सरनं गेलं काय रे बाबू?"

नातू प्रामाणिक होता. "नाही काका. ते शेवटी प्लगनं गेलं. तीन पिनचा काढून दोन पिनचा लावला."

मिस्त्री उठून उभा राहिला. "काहून लावला?"

"अर्थ लूप होता. एका बाजूची अर्थ सोडली की लूप तुटतो."

"लूप होता म्हणजे अर्थ दोन जागी आहे. एक तर घराची. दुसरी कुठं आहे?"

नातवाला उत्तर देता येईना. गुरुजीही आठवू लागले. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आजी म्हणाली, "तुळशीपाशी एक, केळीपाशी एक. मी या घरात आली तेव्हापासून पाहून राहिली."

मग सगळं उलगडलं. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, त्यानंतर गुरुजींच्या वडिलांनी घरात रेडिओ आणला होता. त्या काळी रेडिओला छतावर एरियलची तार लागे आणि जमिनीत अर्थची. ती अर्थ त्यांनी अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी सळई ठोकून केली. पुढं गुरुजींनी डबा बांधला तेव्हा हीच तार त्याला जोडली. रेडिओसाठी चांगली होती, डब्यासाठीही चांगलीच. त्याआधी घराला वीज आली तेव्हा वायरमननं घराची अर्थ मागच्या अंगणात केली होती, मोरीचं पाणी जिथं केळीच्या बेटात पडे तिथं. जाणकार माणूस असावा, कारण ती माती बारा महिने ओली असायची. ॲम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून या केळीच्या अर्थशी जोडलेला, डबा तुळशीच्या अर्थशी. दोन्ही जागा ओल्या, दोन्ही सारख्या, म्हणून कित्येक वर्षं काही बिघडलं नाही.

मग घरात टाइल्सची नवी न्हाणी झाली. मोरी गेली, सांडपाणी पाइपातून थेट गटारात गेलं. केळी वाळली.

"केळी गेली त्याच सालापासून हे घुंघुं लागलं," आजी म्हणाली. "मी एकदा म्हटलं होतं. कोणी आयकलं नाही."

कळंबची माती काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, आणि भेगाळताना गाडलेल्या सळईला सोडून देते. केळीपाशी पाणी पडत होतं तोवर सळईला मातीचा धर होता. पाणी तुटलं तशी दर मेमध्ये ती सळई भेगेत नुसती उभी राहू लागली. तुळशीला मात्र आजी रोज पाणी घालत होती.

मिस्त्रीनं पिशवीतून होल्डर लावलेला शंभराचा दिवा काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि भिंतीतल्या अर्थमध्ये धरला, आतली तार जेमतेम लाल झाली. मग त्यानं मीटरचं एक टोक भिंतीतल्या अर्थला आणि दुसरं तुळशीकडून येणाऱ्या तारेला लावलं. साठच्या वर व्होल्ट. तो घरातली एकेक वस्तू बंद करत गेला. फ्रिज, टीव्ही, पंखे. आकडा हलेना. कूलर तर आधीच बंद होता. गाणं ऐकताना तो बंदच ठेवत. तरी मिस्त्रीनं त्याचा प्लग ओढला, आणि आकडा धाडकन खाली आला. कूलरच्या पाण्यातला छोटा पंप गळका झाला होता, आणि त्या पॉइंटचं बटण कोणे काळी फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलं गेलं होतं. बटण बंद असलं तरी पंपात वीज होतीच, आणि ती कूलरच्या पत्र्यावर उतरत होती.

"काकू, कूलरले हात लावला तर काही होते काय?"

"मी चप्पल घालूनच पाणी टाकते. झिणझिणते. दोन दिवसापासून जास्तच झिणझिणून राहिलं."

दोन दिवसांपासून. नातवाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मिस्त्रीनं त्याला रागावून नाही, शिकवण्यासाठी सांगितलं, "केळीची अर्थ मेलेली. मग कूलरचा गळका करंट कुठून जात होता? भिंतीतल्या तारेतून तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून ह्या बारीक सिग्नलच्या तारेतून गुरुजींच्या डब्यात, अन् डब्यातून तुळशीपाशी. तेच घुंघुं तुले ऐकू येत होतं. तू पिन काढली, घुंघुं गेलं. करंट नाही गेला. त्याची वाट तेवढी गेली. आता तो पत्र्यावरच बसून आहे."

नातवाची लेक त्या वेळी ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती. कूलर लागला की जाळीतून येणारा गार तुषार हातावर घ्यायला तिला आवडायचं. तिच्या आईनं तिला उचलून कडेवर घेतलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

मला या कथेत नातवाला दोषी ठरवायचं नाही. कंडेन्सर खरोखरच गेलेले होते आणि ते बदलल्यानं गाणं सुधारलं. त्यानं फक्त एका जागी उलटं केलं: जो आवाज काहीतरी सांगत होता, त्याला त्यानं त्रास समजून गप्प केलं. तसंच गुरुजींनीही केलं होतं, टेबलावर कापड टाकून. आजी तेवढी ऐकत होती. तिला ना ५० कंपनांचं गणित येत होतं ना अर्थ लूप हा शब्द. पण घुंघुं केव्हा सुरू झाली, कोणत्या ऋतूत वाढते, त्याच वेळी घरात आणखी काय बदललं, हे सगळं तिच्यापाशी होतं. दुरुस्ती करणाऱ्याला पहिल्या दिवशी हीच माहिती लागते. नातवानं व्हॉल्व्ह कोणत्या देशाचे घ्यावेत हे शेकडो लोकांचं वाचून ठरवलं, आणि ज्या घरात ते बसवायचे त्या घरातल्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही.

त्यानं मिस्त्रीला विचारलं, "काका, मी डबा आतून-बाहेरून तपासला. मला हे सापडलं का नाही?"

"आपल्या चिंतामणीच्या दर्शनाले काय करा लागते?" मिस्त्री म्हणाला. "पायऱ्या उतरून जमिनीखाली जा लागते ना? वरून कळस पाहून देव दिसत नाही. तसंच आहे हे. तू टेबलावरच पाहून राहिला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मागच्या अंगणात खणलं. केळीच्या जुन्या जागी सळई सापडली. तिला जोडलेली पट्टी गंजून हाताला लागताच तुटली. नवा खड्डा माणसाच्या उंचीहून खोल घेतला. त्यात जस्त चढवलेला लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर माती चोपली आणि पाणी ओतायला तोंडाशी नरसाळं ठेवलं. तुळशीची सळई टाकून दिली नाही. जाड तार टाकून ती या नव्या पाइपाला जोडली, म्हणजे घराची अर्थ एकच झाली. डबा, रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर आणले. ॲम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग परत लागला, आणि तो नातवानं स्वतः लावला. कूलरचा पंप बदलला, बटण फेजवर घेतलं. मेन स्विचशेजारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. एवढा करंट भलत्या वाटेनं गेला की ती क्षणात घरची वीज तोडते.

मग गुरुजींनी व्हॉल्व्ह मागितले. मिस्त्रीच्या दुकानात जुना टेस्टर धूळ खात पडला होता. त्यावर बंगळूरचे दोन्ही व्हॉल्व्ह चढवले तेव्हा काटा हिरव्या पट्ट्यात गेला. गुरुजींनी ते डब्यात परत बसवले आणि स्लोव्हाकियाचे दोन कापसात गुंडाळून डब्यामागं ठेवले. "हे जळतील तेव्हा ते लावू," म्हणाले. नातवाचे कंडेन्सर मात्र त्यांनी आतच राहू दिले आणि डब्याच्या आतल्या बाजूला, जिथं त्यांनी स्वतःचं नाव आणि साल कोरलेलं होतं, त्याखाली नातवाच्या हातून त्याचं नाव कोरून घेतलं.

संध्याकाळी भूप लागला. कान स्पीकरला लावला तर अगदी बारीक सळसळ येत होती. व्हॉल्व्हच्या यंत्रात तेवढी असतेच. खुर्चीवरून काही ऐकू येत नव्हतं. आजीनं अनवाणी पायानं जाऊन कूलरच्या पत्र्यावर हात ठेवून पाहिला. मिस्त्रीनं आधी मीटर लावून खात्री केली होती, तरी नातू तिच्या शेजारी उभा राहिला.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसं जातात, त्यात पोरंबाळंही असतात. तुमच्या घरी कूलर असेल तर पाणी भरताना नुसत्या बटणावर विसंबू नका, प्लगच काढा. घराची अर्थ कुठं जमिनीत जाते ते मार्च संपायच्या आत शोधून ठेवा, खड्ड्यात पाणी घाला, आणि वायरमनकडून ती एकदा तपासून घ्या. आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. आणि कोणत्याही यंत्राच्या प्लगची तिसरी पिन काढली असेल, तर ती आजच परत लावा.